मुले सांभाळणाऱ्यांची नोकरी : बीड जिल्ह्यातून दिसणारा एक प्रश्न

अनाथालयाला किंवा बालगृहाला भेट द्यायला गेलेला पाहुणा मुलांशी बोलतो, संस्थापकांशी बोलतो, भिंतीवरची सन्मानपत्रे वाचतो, पंगतीत बसून जेवतो आणि भारावून परत येतो. त्या पंगतीत भात वाढणाऱ्या बाईंना पगार किती, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आणि गेल्या महिन्याचे पैसे मिळाले का, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालातही मुलांची संख्या, दहावीचा निकाल आणि देणगीदारांची यादी असते. कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आभाराचा एक परिच्छेद येतो.

बालसेवी संस्थांत काम करणारी माणसे समाधानी असतात का, तिथले कामाचे वातावरण कसे असते आणि त्याचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर जगात गेल्या आठ-दहा वर्षांत बरेच बोलले गेले. मराठीत ही चर्चा तुकड्यातुकड्यांनी झाली : कधी अंगणवाडी सेविकांच्या संपाच्या निमित्ताने, कधी बालगृहांच्या थकलेल्या अनुदानाच्या निमित्ताने. बीड जिल्ह्यात हे सगळे तुकडे शेजारी-शेजारी सापडतात, म्हणून हा आढावा तिथून घेतला आहे.

जिल्हा आणि त्यातले मालक

बीडमध्ये बालसेवेच्या कामाचा कणा ऊसतोड आहे. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक कोयता, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घराला कुलूप असते. मुलांना बरोबर नेले की शाळा तुटते आणि मागे ठेवले तर सांभाळायला म्हातारी माणसेच असतात. मुलीचे लग्न लवकर उरकण्याचे हेही एक कारण. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण या जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यात शेतकरी आत्महत्यांनी उघडी पडलेली कुटुंबे मिळवली, म्हणजे इथे बालसेवी संस्था का उभ्या राहिल्या ते कळते.

त्या संस्था एका साच्यातल्या नाहीत. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये अंबाजोगाईत सुरू केलेली ‘मानवलोक’ ही ग्रामविकासाची संस्था, आणि जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या पिढ्या तिच्यात घडल्या. दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथे २००० मध्ये ‘शांतिवन’ उभे केले. गेवराईत संतोष गर्जे यांचे ‘सहारा’, म्हणजे आजचे बालग्राम, २००४ पासून चालते. बीडजवळच्या पाली इथे दत्ता आणि संध्या बारगजे ‘इन्फंट इंडिया’त एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळतात. या संस्था कुटुंबाने उभ्या केलेल्या. संस्थापक आवारातच राहतात आणि मुले त्यांना आई-बाबा, दादा-ताई म्हणतात.

दुसरा प्रकार प्रकल्पांवर चालणाऱ्या संस्थांचा. मुंबई-दिल्लीकडची मोठी संस्था किंवा कंपनीचा निधी, तीन वर्षांचा प्रकल्प, तालुक्याला एक समन्वयक आणि त्याच्या मोटरसायकलवर वीस-पंचवीस गावे.

तिसरा प्रकार शासनाच्या छत्राखालचा आहे. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत राज्यातल्या ४१ तालुक्यांत मुलांची ४१ आणि मुलींची ४१, अशी ८२ वसतिगृहे ठरली. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी कंत्राटावर असतात. अंगणवाडी सेविका व मदतनीस मानधनावर असतात आणि त्यांचे स्थान यापैकी कशातच नीट बसत नाही.

‘बीडमधल्या बालसेवी संस्थांतले कर्मचारी’ असा एकच गट धरून बोलणे म्हणूनच फसवे ठरते. त्यांना जोडणारी एक गोष्ट मात्र आहे. गृहमाता, स्वयंपाकी, चौकीदार, गावपातळीवरची कार्यकर्ती ही बहुतेक त्याच घरांतून येतात, ज्या घरांतल्या मुलांसाठी संस्था निघाली. कोयता सुटावा म्हणून त्यांनी ही नोकरी धरलेली असते.

सेवेची बाजू

या वादातली पहिली भूमिका सर्वांत जुनी आहे आणि तिला हलके लेखण्याचे कारण नाही. तिचे म्हणणे असे : अनाथ मुलाला सांभाळणे ही नोकरी नाही. घड्याळ लावून आई होता येत नाही. मूल रात्री दोनला तापाने फणफणले तर ‘माझी पाळी संपली’ असे म्हणणारे माणूस तिथे नको. संस्थापक स्वतः पगार घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात, मुलांबरोबर जेवतात, उसनवारी करून किराणा भरतात. अशा ठिकाणी समाधान मोजायचे असेल तर ते मोठ्या झालेल्या मुलांच्या येण्याजाण्यात मोजावे.

ही भूमिका भाबडीही नव्हती. कार्यकर्त्यालाही घर असते, याची जाण महाराष्ट्राच्या चळवळींना होती. डॉ. श्रीराम लागू, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधी हे त्याचे ठळक उदाहरण. ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवला गेला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागले. त्यामागचा विचार सरळ होता : कार्यकर्ता समाजाचे काम करतो, तर त्याच्या चुलीची काळजी समाजाने घ्यावी.

या भूमिकेतली अडचण दुसऱ्या फळीपाशी येते. संस्थापकाने त्याग स्वतः निवडलेला असतो. त्याच्या वाट्याला पुरस्कार येतात, सभेत टाळ्या येतात, निर्णयाचा अधिकार येतो. आठ-दहा वर्षांनी आलेल्या अधीक्षकाला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना त्यातले काही नसते, पण अपेक्षा त्याच त्यागाची असते. आणि जिथे सगळे एकमेकांना दादा-ताई म्हणतात, तिथे ‘ताई, दोन महिन्यांचे पैसे राहिलेत’ हे वाक्य तोंडातून निघायला फार जड जाते. नात्याची भाषा मुलांसाठी औषध ठरते, कर्मचाऱ्याच्या मात्र घशात अडकते.

कायद्याची बाजू

दुसरी भूमिका म्हणते : काम ते काम. कारण उदात्त असले म्हणून आठ तासांचे बारा होत नाहीत. या बाजूचा आधार १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या मुख्य निकालपत्राने ‘उद्योग’ या संकल्पनेचा इतका विस्तार केला की नफा न कमावणाऱ्या धर्मादाय संस्थाही तीत आल्या. जिथे लोक खरोखर विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर सेवाभावाने काम करतात, अशा आश्रमासारख्या ठिकाणांना तेवढी सूट होती.

पुढची कहाणी हेलकाव्यांची आहे. १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून धर्मादाय व समाजसेवी संस्था या व्याख्येतून वगळल्या, पण ती दुरुस्ती अमलात कधी आलीच नाही. २००५ मध्ये पाच न्यायाधीशांनी जुन्या निकालाचा फेरविचार व्हावा असे म्हटले आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी तो विषय नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. दरम्यान औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये आली. तिने पूर्णतः किंवा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत असलेल्या संघटनांच्या संस्था ‘उद्योगा’बाहेर ठेवल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू झाली. म्हणजे ज्या दाराने कर्मचारी औद्योगिक वाद घेऊन कामगार न्यायालयात जाऊ शकत होता, ते दार बालसेवी संस्थेपुरते बरेच अरुंद झाले.

संस्थाचालकांना यात दिलासा वाटतो, आणि तो अगदीच स्वार्थी नाही. बाहेरगावच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेला एखादा दीर्घ खटला पेलत नाही, हे खरे आहे. कामगारांच्या बाजूने बोलणारे विचारतात की मग वाद मिटवायचा कुठे? धर्मादाय आयुक्तांचे काम विश्वस्त आणि मालमत्ता पाहण्याचे आहे, गृहमातेच्या रजेचा हिशोब पाहण्याचे नाही.

कायदा कर्मचाऱ्याला हक्क देताना असा संकोचतो, जबाबदारी टाकताना मात्र अजिबात संकोचत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ नुसार, मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. मुलांच्या दृष्टीने ही कडक तरतूद हवीच. २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या (‘टिस’) ‘कोशिश’ या गटाच्या सामाजिक लेखापरीक्षणाने बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार उघड केले, त्यानंतर तिच्या गरजेविषयी शंकाच उरली नाही. पण तपासण्या, नोंदवह्या आणि सीसीटीव्ही वाढले तसे काळजीवाहकाचे काम मूल सांभाळण्याकडून पुरावा सांभाळण्याकडे सरकले, अशी तक्रार या क्षेत्रात सर्रास ऐकू येते. तीही पूर्ण खोटी नाही.

मोठ्या संस्थांना आलेली जाग

तिसरी भूमिका व्यवस्थापनाची आहे, आणि ती मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नामुष्कीतून पुढे आली. ब्रिटनमधल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वर्तनाविषयी २०१२ आणि २०१५ मध्ये तक्रारी झाल्या होत्या. त्या बाहेर आल्यावर सुझान शेल यांच्याकडून कामाच्या वातावरणाची स्वतंत्र तपासणी करून घेण्यात आली. ऑक्टोबर २०१८ च्या त्या अहवालानुसार, पाचातल्या जवळजवळ एका कर्मचाऱ्याने मागच्या तीन वर्षांत छळ किंवा भेदभाव सोसल्याचे सांगितले. मार्च २०२० मध्ये तिथल्या धर्मादाय नियामकाने संस्थेच्या कारभारावर कडक ठपका ठेवला. २०१९ मध्ये युनिसेफच्या स्वतंत्र कार्यदलाने ‘काहीही करून निकाल आणा’ या वृत्तीकडे बोट दाखवले. एसओएस बालग्राम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये आला. एसओएसचे काम आपल्याकडे पुण्यात आणि भूकंपानंतर लातुरातही आहे. तिथे घराघरात एक ‘आई’ असते आणि ती पगारी असते, म्हणजे सेवा आणि नोकरी हे दोन्ही एकाच माणसात मुद्दाम एकत्र आणलेले.

या अहवालांचे सार असे की काम जितके पवित्र मानले जाते, तितके आत चाललेल्या वाईटाविषयी बोलणे अवघड होते. ‘संस्थेची बदनामी झाली तर मुलांचे नुकसान होईल’ हा युक्तिवाद लंडनमध्ये झाला, तोच गावातही होतो. उपाय म्हणून या संस्थांनी निनावी पाहण्या, तक्रारीची स्वतंत्र वाट आणि दरवर्षीचा ‘समाधान निर्देशांक’ आणला.

निर्देशांकाविषयी मात्र सावध राहावे लागते. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच दाखवले होते की समाधान देणाऱ्या गोष्टी आणि असमाधान निर्माण करणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. कामाचा अर्थ, कर्तृत्व, ओळख यांतून समाधान येते. पगार, सुरक्षितता, वरिष्ठांचे वागणे यांतून असमाधान. मुलांबरोबर काम करणारा माणूस ‘तुम्हाला तुमचे काम अर्थपूर्ण वाटते का’ या प्रश्नाला पाचपैकी पाच देतो आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडतो. सरासरीत पहिले उत्तर दिसते, त्याचे जाणे दिसत नाही. शिवाय आठ माणसांच्या संस्थेत निनावी पाहणी कसली? अक्षरावरून, नाहीतर उत्तराच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो.

पैसा कुठे अडतो

वरच्या तिन्ही भूमिका शेवटी एका आकड्यापाशी येऊन थांबतात : काळजीवाहकाचा पगार कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा? देणगीदाराला आपला रुपया मुलापर्यंत पोहोचलेला पाहायचा असतो. वही, गणवेश, दूध यांचा फोटो निघतो. अधीक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीचा निघत नाही. कायद्यानेही हीच दृष्टी उचलली. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी केली. मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे येणारा ओघ त्यामुळे आटला. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) नियमांत प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. या मर्यादांचे समर्थन करणारे सांगतात की त्यांच्याशिवाय मुलांच्या नावाने आलेला पैसा शहरी कार्यालयांत आणि परिषदांत जिरतो. याची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. पण मूल सांभाळणाऱ्या संस्थेत माणूस हाच मुख्य खर्च असतो. गृहमातेचा पगार प्रशासनात धरायचा की सेवेत, यावर संस्थेचे हिशोबनीस आणि निधी देणारे यांची दरवर्षी ओढाताण होते.

शासकीय मदतीतही मुलामागे परिपोषण अनुदान मिळते, पण स्वयंसेवी बालगृहांची दोन गाऱ्हाणी जुनी आहेत : अनुदान उशिरा येते आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या वेतनाची सोय नसते. किराणा दुकानदार उधारीवर थांबतो, म्हणून मुलांचे जेवण चालू राहते. पगार सगळ्यात शेवटी.

प्रकल्पाधारित नोकरी किती पातळ असते, हे मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या हेल्पलाइनने दाखवले. १९९६ मध्ये मुंबईत ‘टिस’च्या उपक्रमातून सुरू झालेली १०९८ ही सेवा देशभर स्थानिक संस्थांच्या जाळ्यावर चालली. २०२३ च्या सुमारास ती राज्यांच्या महिला व बालविकास विभागांकडे आणि ११२ या आपत्कालीन यंत्रणेशी जोडून देण्यात आली. शासनाची बाजू अशी की आणीबाणीच्या फोनला पोलिसांशी थेट जोडणी हवी आणि जबाबदारी सरकारचीच असावी. विरोधकांचे म्हणणे की मध्यरात्री बालविवाह थांबवायला जाणारी, गावातला प्रत्येक सरपंच ओळखणारी माणसे एका आदेशाने बाहेर पडली. या माणसांचा अनुभव नव्या व्यवस्थेत किती उतरला, याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही.

मुलाला काय फरक पडतो

या प्रश्नावर संशोधनाचा कल बऱ्यापैकी स्पष्ट आहे. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग इथल्या तीन शिशुगृहांत एक तुलना झाली. एका ठिकाणी काळजीवाहकांना प्रशिक्षण दिले आणि कामाची रचनाही बदलली : लहान गट केले आणि तीच माणसे त्याच मुलांबरोबर राहतील असे पाहिले. दुसऱ्या ठिकाणी फक्त प्रशिक्षण दिले, तिसऱ्यात काहीच बदलले नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गृहातल्या मुलांची शारीरिक आणि मानसिक वाढ सर्वांत चांगली झालेली दिसली. कार्यशाळा घेऊन भागत नाही, पाळ्यांचे वेळापत्रक बदलावे लागते, हा त्यातला धडा.

आता आपल्याकडचे गणित पाहू. बाल न्याय आदर्श नियम २०१६ शंभर मुलांच्या संस्थेसाठी चार गृहमाता किंवा गृहपिता सुचवतात. आठवड्याला ४८ तास धरले तर चौघांचे मिळून १९२ तास होतात आणि आठवडा असतो १६८ तासांचा. म्हणजे नियम तंतोतंत पाळले, तर शंभर मुलांमागे कोणत्याही क्षणी सरासरी एकाहून थोडे जास्त माणूस हजर राहील. हे कोणालाच चालणार नाही, म्हणून गृहमाता तिथेच राहते आणि तिचे घड्याळ बंद होते. दोष तिच्या मालकाचा कमी आणि कागदावरच्या आकड्याचा जास्त. सेवाभाव की हक्क, या वादात हा आकडा क्वचितच येतो. खरे तर तो आधी यायला हवा.

बोलायचे कुणापाशी

बीडमध्ये एक विरोधाभास डोळ्यांत भरतो. ऊसतोड मजूर या राज्यातला अतिशय पिळला गेलेला वर्ग. तरी त्याच्या संघटना आहेत. त्या साखर संघाशी वाटाघाटी करतात, संपाचा इशारा देतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ त्यातूनच मिळाली. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०२३ पासून, अंगणवाडी सेविकांनी दीर्घ संप केला. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. ऊसतोड मजुराची मुले ज्या संस्थेत राहतात तिथल्या कर्मचाऱ्याला यातले काही नाही. पाच-दहा माणसांच्या विखुरलेल्या संस्थांत संघटना बांधणार कशी, आणि संप केला तर मुलांना जेवू कोण घालणार?

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी तरी २०१३ च्या कायद्याने वाट काढली आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान संस्थेतली, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असलेली स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. संस्थापक आणि मालक एकच असतो अशा ठिकाणी ही तरतूद फार मोलाची आहे. अडचण अंतराची आणि ओळखीची : आष्टी तालुक्याच्या टोकाला काम करणाऱ्या बाईंना बीड गाठायला दिवस मोडावा लागतो, आणि संस्थापकांच्या कामाचे कौतुक करणारी माणसेच समितीच्या आसपास असू शकतात. पगार, रजा, अपमान या रोजच्या कुरबुरींसाठी तर एवढीही वाट नाही. काहींनी अनेक संस्थांनी मिळून एक बाहेरचा तक्रारनिवारक नेमावा असे सुचवले आहे. काहींना जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या तपासणीत मुलांबरोबर कर्मचाऱ्यांचीही खासगीत विचारपूस व्हावी असे वाटते. दुसरी सूचना स्वस्त आहे, पण कंत्राटी निरीक्षकाने मानधनावरच्या गृहमातेला तिच्या हक्कांविषयी विचारावे, यातला विनोद सूचना करणाऱ्यांच्याही ध्यानात असेल.

हंगामाचा पेच

एक प्रश्न जवळजवळ अस्पर्श राहिला आहे. हंगामी वसतिगृहातला मदतनीस किंवा स्वयंपाकी सहा महिने काम करतो. पट्टा पडला, मुलांचे आई-बाप परतले, की त्याचे काम संपते. पुढच्या दिवाळीला तोच माणूस येईल की नाही, कोणी सांगत नाही. मूल मात्र त्याचीच वाट पाहत असते. साखर कारखान्यात हंगामी कामगार ही मान्य श्रेणी आहे. बॉयलर थंड असतानाच्या महिन्यांत तिथल्या हंगामी कायम कामगाराला धारणभत्ता मिळतो, म्हणजे पुढच्या हंगामाला त्याने परत यावे म्हणून दिलेली रक्कम. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही हंगामी आस्थापनेसाठी दर हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाची तरतूद होती. ज्या कारखान्याच्या गाळपामुळे वसतिगृह उघडते आणि बंद होते, त्या कारखान्याच्या कामगाराला हंगामाबाहेरची ही तजवीज आहे. त्याच वेळापत्रकावर मुले सांभाळणाऱ्याला ती लागू करता येईल का, आणि केली तर तो भत्ता शासनाची समग्र शिक्षा योजना देईल, ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ देईल की कारखाने, यावर जिल्ह्यात अजून कोणी ठराव मांडलेला ऐकिवात नाही.